जठरातला जिवाणू आणि गर्भारपणातली साखर

आरोग्याच्या बातम्यांत गेली काही वर्षे एक मथळा अधूनमधून डोकावतो: पोटातल्या जिवाणूमुळे गर्भवतींना मधुमेह. वाचून धास्तावायला होते, कारण हा जिवाणू आपल्याकडे घरोघरी आहे आणि हा मधुमेहही आता विरळा राहिलेला नाही. जिवाणूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या जठरात तो मुक्कामाला असतो असा अंदाज आहे. भारतात त्याहूनही अधिक. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा २०२१ सालचा अंदाज असा की, जगात जिवंत जन्मणाऱ्या दर सहा बाळांमागे एकाच्या आईची साखर गर्भारपणात वाढलेली असते, आणि त्यातला मोठा वाटा गर्भारपणातच उद्भवणाऱ्या मधुमेहाचा असतो. इतक्या सर्रास आढळणाऱ्या दोन गोष्टी एकाच बाईत सापडल्या तर त्यात नवल नाही. पहिलीमुळे दुसरी होते का, हा एक प्रश्न. आणि होत असेल तर पोटुशा बाईने नेमके काय करायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अजून अर्धवट आहे. दुसऱ्याचे मात्र आजही बऱ्यापैकी ठामपणे देता येते, आणि ते मथळ्यावरून वाटते तसे मुळीच नाही.

आधी या जिवाणूची थोडी हकिगत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञांना रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांत वळणदार जिवाणू वारंवार दिसत होते. जठरातल्या आम्लात काही जगतच नाही, अशी त्या काळची पक्की समजूत होती. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. पण प्रयोगशाळेत तो जिवाणू काही वाढेना. १९८२ च्या ईस्टरची सुट्टी लागून आली, तपासणीच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीत तशाच राहिल्या, आणि हा संथ वाढणारा जीव अखेर हाती लागला. अल्सर म्हणजे काळजी, जागरण, तिखट आणि वाढलेले आम्ल, असे तोवर डॉक्टरही सांगत आणि रुग्णही मानत. १९८४ मध्ये मार्शल यांनी या जिवाणूंचा द्रव स्वतः पिऊन टाकला, काही दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आलेली दुर्बिणीतून दिसली. ही गोष्ट सगळ्यांना आवडते. तिच्यात एक बारीक तपशील मात्र गळून जातो: मार्शलना सूज आली, अल्सर झाला नाही. अल्सरचा निकाल त्या घोटाने लागला नाही. जिवाणू औषधाने घालवला की अल्सर पुन्हा होत नाही आणि नुसते आम्ल दाबले तर होतो, हे एकामागून एक चाचण्यांत दिसत गेले, तेव्हा तो लागला. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविके द्यावीत असे मान्य केले, त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात घातले, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. संशयिताला काढून टाकले की आजार जातो का, ही त्यातली खरी कसोटी. मधुमेहाच्या बाबतीतही तीच लावायची.

हा जिवाणू जगतो कसा हे कळले की त्याच्यावरचे निम्मे गैरसमज आपोआप गळतात. त्याच्याकडे युरिएज नावाचे विकर असते. त्याच्या जोरावर तो युरियाचे विघटन करून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचे आम्ल मारून टाकतो. मग जठराच्या अस्तरावरच्या चिकट थरात शिरून तो वर्षानुवर्षे तिथेच राहतो. बहुतेकांना त्याची लागण लहानपणीच होते, तीही घरातल्याच माणसांकडून. दाटीवाटीची घरे, अपुरे पाणी, उलट्या-जुलाबातून किंवा लाळेतून होणारा संसर्ग ही त्याची वाट. लागण झालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. जठराची सूक्ष्म सूज मात्र बहुतेकांत असते. आपल्याकडे ‘पोटात जंत’ म्हणतात ते हे नव्हे. गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीत सरकारी दवाखान्यात दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी कृमींसाठी असते. तिचा या जिवाणूवर परिणाम होत नाही. नुसती ‘ॲसिडिटी’ आहे म्हणजे हा जिवाणू आहेच, असेही नाही. गर्भारपणात तर संप्रेरकांमुळे जठर आणि अन्ननलिकेमधली झडप सैलावते, वाढते गर्भाशय खालून दाबते, आणि छातीत जळजळ ही जवळजवळ ठरलेलीच असते.

आता साखरेकडे. गर्भाला अखंड ग्लुकोज मिळत राहावे म्हणून वार स्वतःच काही संप्रेरके रक्तात सोडते, आणि ती आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. ही बिघाडाची गोष्ट नाही, योजनाच तशी आहे. विसाव्या आठवड्यानंतर हा प्रतिरोध वाढत जातो. बहुतेकींचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून तोल सांभाळते; ज्यांचे कमी पडते त्यांची साखर वाढते. म्हणजे गर्भारपण ही स्वादुपिंडाची एक प्रकारे परीक्षाच असते, आणि आधीपासून इन्सुलिनला दाद न देणारे शरीर या परीक्षेला अर्धी शक्ती गमावून बसते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवले की गर्भारपणातल्या इन्सुलिन-प्रतिरोधाचा अंदाज घेताना वारेच्या संप्रेरकांपेक्षाही टीएनएफ-अल्फा हा दाहाशी निगडित रेणू अधिक उपयोगी ठरतो. जिवाणूचा संशय येतो तो इथून. जठरात वर्षानुवर्षे धुमसणारी सूज असेल तर असे दाहक रेणू रक्तातही थोडे वाढलेले राहतील, ते स्नायू आणि चरबीच्या पेशींना इन्सुलिनचे ऐकू देणार नाहीत, आणि वारेच्या कामात या जुन्या दाहाची भर पडेल. कल्पना सुसंगत आहे. पण वैद्यकाच्या इतिहासात सुसंगत कल्पनांची वाण कधीच नव्हती. ताणामुळे अल्सर ही कल्पनाही सुसंगतच होती.

दाहाच्या वाटेपेक्षा महाराष्ट्रातल्या वाचकाने अधिक लक्ष द्यावे अशी आणखी एक वाट आहे, आणि तिच्याबद्दल बातम्यांत क्वचितच लिहिले जाते. ती ब-१२ जीवनसत्त्वाची. अन्नातले ब-१२ प्रथिनांना चिकटलेले असते. ते सोडवून घ्यायला जठरातले आम्ल लागते, आणि पुढे आतड्यात शोषले जाण्यासाठी जठराच्याच पेशींनी बनवलेला एक घटक लागतो. जठराला दीर्घकाळ सूज असेल तर या दोन्ही कामांत खोट येते. तुर्कस्तानात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब-१२ ची कमतरता असलेल्या १३८ रुग्णांपैकी ७७ जणांत हा जिवाणू सापडला, आणि त्या ७७ पैकी ३१ जणांची कमतरता जिवाणू घालवल्यावर भरून आली. आता पुण्याकडे पाहू. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांत ब-१२ कमी आढळले. ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फोलेट भरपूर होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली, असे त्या गटाने २००८ मध्ये मांडले. म्हैसूरच्या एका अभ्यासात पुढच्याच वर्षी दिसले की ब-१२ कमी असलेल्या गर्भवतींत मधुमेहाचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होते. मात्र त्या स्त्रियांचे वजनही जास्त होते, त्यामुळे सगळा दोष ब-१२ वर ढकलता येत नाही. जिवाणूमुळे ब-१२ घटते आणि ब-१२ घटल्यामुळे साखर बिघडते, ही साखळी जोडायचा मोह होतो. तिचे दोन्ही दुवे स्वतंत्रपणे दिसले आहेत, पण अखंड साखळी कोणी सिद्ध केलेली नाही. शिवाय आपल्याकडे ब-१२ कमी असण्याचे मुख्य कारण ताटातच आहे: मांस-मासे-अंडी नाहीत किंवा क्वचित, आणि दूध चहापुरते. जिवाणूचा वाटा असलाच तर तो त्यावरचा भार. म्हणून शाकाहारी घरातल्या मुलीने लग्नानंतर, दिवस जाण्याआधी, ब-१२ तपासून घेणे शहाणपणाचे आहे, मग जिवाणूच्या बाबतीत विज्ञानाचा निकाल काहीही लागो.

आता थेट पुराव्याकडे वळू. जिवाणू आणि मधुमेह यांचा संबंध सुचवणारा सर्वांत गांभीर्याने घेण्याजोगा अभ्यास गर्भवतींचा नाही, वृद्धांचा आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो परिसरातल्या लॅटिनो वंशाच्या साठीपुढच्या ७८२ जणांना, ज्यांना सुरुवातीला मधुमेह नव्हता, सुमारे दहा वर्षे नजरेखाली ठेवले गेले. ज्यांच्या रक्तात या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे होती त्यांना मधुमेह होण्याचा वेग इतरांच्या २.७ पट निघाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे बलस्थान असे की, हर्पिस, कांजिण्या वगैरे इतर जुन्या संसर्गांच्या खुणाही तपासल्या होत्या आणि त्यांचा मधुमेहाशी असा संबंध दिसला नाही. गरीब माणसाला सगळेच संसर्ग जास्त होतात आणि मधुमेहही, एवढ्यावर हा निष्कर्ष उडवून लावता येत नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या माहितीवरून, जिवाणू असलेल्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर किंचित जास्त असते, असेही दाखवले गेले. गर्भवतींवरचे अभ्यास नंतर आले, चीनमधून आणि इतर देशांतूनही. काहींत मधुमेह झालेल्या स्त्रियांत जिवाणूचे प्रमाण जास्त निघाले, काहींत फरक दिसला नाही. गर्भवतींच्या बाबतीत या संशयाच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे. निरीक्षणात्मक अभ्यासांना नेहमी विचारला जाणारा ‘आधी काय, नंतर काय’ हा प्रश्न इथे फारसा छळत नाही. जिवाणू बहुधा बाई पाच-सात वर्षांची असतानाच आलेला असतो आणि साखर वाढते ती पंचविशी-तिशीत, त्यामुळे साखरेने जिवाणू ओढून आणला असे कोणी म्हणू शकत नाही.

तरीही शंका उरतात, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली शंका गरिबीची. श्रीमंत देशांत गरीब वस्तीतच जिवाणू जास्त, लठ्ठपणा जास्त आणि मधुमेहही जास्त. तिथे तिन्ही एका धाग्यात ओवले जातात आणि त्यातला कोणता कोणामुळे हे वेगळे काढणे अवघड. भारतात हा धागा निदान आतापर्यंत उलटा होता: दाटीची घरे गरिबाची, वाढते वजन आणि बैठे काम सुखवस्तूंचे. खरे तर याच कारणासाठी भारतातले अभ्यास मोलाचे ठरतील. इथेही संबंध तितकाच ठळक निघाला तर तो गरिबीचा भास आहे असे म्हणणे कठीण जाईल. दुसरी शंका तपासणीची. बऱ्याच अभ्यासांत रक्तातली प्रतिपिंडे मोजली आहेत, आणि ती जिवाणू गेल्यावरही दीर्घकाळ राहतात. ‘होता’ आणि ‘आहे’ यांतला फरक त्या तपासणीला कळत नाही. तिसरी शंका लोहाची, आणि ती मला सर्वांत रंजक वाटते. या जिवाणूमुळे शरीरातले लोह घटते, हे चांगले प्रस्थापित आहे. पण गर्भारपणातल्या मधुमेहाशी संबंध दिसतो तो जास्त लोहसाठ्याचा, कमी साठ्याचा नाही. म्हणजे त्याच जिवाणूची एक वाट साखर वाढवण्याकडे जात असेल तर दुसरी निदान कागदावर तरी उलट दिशेला जाते. गेली काही दशके जगातल्या अनेक देशांत स्वच्छता सुधारली, कुटुंबे लहान झाली, जिवाणू घटत गेला. त्याच काळात मधुमेह मात्र वाढतच गेला. यावरून जिवाणू निर्दोष ठरत नाही, कारण वजन आणि बैठी दिनचर्या यांचा जोर त्याच्या कितीतरी पट असू शकतो. पण तो मोठा गुन्हेगार नाही, एवढे यावरून म्हणता येते.

मग ती कसोटी. जिवाणू काढल्यावर साखर सुधारते का? तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात जिवाणू घालवल्यावर इन्सुलिन-प्रतिरोध कमी झाला. कोरिया आणि जपानमधल्या अभ्यासांत तसा फरक पडला नाही. हे सगळे गरोदर नसलेल्यांवरचे, लहान गटांवरचे काम. यात एक गुंताही आहे. जिवाणू असताना जठरातून स्रवणारे भुकेचे घ्रेलिन हे संप्रेरक घटलेले असते. जिवाणू गेला, जळजळ थांबली, की भूक वाढते आणि काहींचे वजन वाढते. वजन वाढले की साखर वाढायला निमित्त मिळाले. गर्भधारणेआधी काही स्त्रियांचा जिवाणू घालवायचा, काहींचा नाही, कोणाचा घालवायचा ते चिठ्ठी टाकून ठरवायचे, आणि पुढच्या गर्भारपणात दोन्ही गटांची साखर मोजायची, अशी चाचणी या प्रश्नाचा निकाल लावू शकेल. तिच्यापेक्षा कमी पुराव्यावर ठाम बोलणे म्हणजे अल्सरच्या गोष्टीतला फक्त घोट लक्षात ठेवणे.

इथे कोणी म्हणेल, संशय आहे ना, मग प्रत्येक गर्भवतीची तपासणी करून औषध देऊन टाकायला काय हरकत आहे? जिवाणू काही चांगला पाहुणा नाही. या म्हणण्याला आकड्यांनी उत्तर देता येते. समजा, एक हजार गर्भवती आहेत आणि त्यांतल्या सहाशेंच्या जठरात जिवाणू आहे. युक्तिवादापुरते धरू की जिवाणू नसलेल्यांत शंभरात दहा जणींना मधुमेह होतो आणि असलेल्यांत पंधरा जणींना. म्हणजे चारशेंपैकी चाळीस आणि सहाशेंपैकी नव्वद. आता सहाशेही जणींचा जिवाणू घालवला आणि त्याचा सगळाच्या सगळा अपाय नाहीसा झाला असे उदारपणे मानले, तरी नव्वदच्या साठ होतील. तीस जणी वाचतील, आणि त्यासाठी सहाशे जणींना गर्भारपणात दोन आठवडे दोन प्रतिजैविके आणि आम्लरोधक गोळ्या घ्याव्या लागतील. हा हिशेब सगळ्यांत अनुकूल गृहीत धरून केलेला आहे. प्रत्यक्षात उपचार प्रत्येकीला लागू पडत नाही. मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाला दाद न देणारे जिवाणू भारतात फार आहेत. पहिला उपचार फसला की वापरायच्या चार औषधांच्या उपचारात टेट्रासायक्लिन असते, आणि ते गर्भाच्या हाडांना व दातांना बाधते म्हणून गर्भारपणात वर्ज्य. साखर वाढते चोविसाव्या आठवड्याच्या आसपास. त्या वेळी जिवाणू सापडला म्हणून औषध सुरू केले तरी वीस वर्षांचा दाह पंधरवड्यात निवळून वारेच्या कामावर परिणाम होईल, अशी अपेक्षा करायला काही आधार नाही. म्हणूनच गर्भारपणात हा जिवाणू आढळला आणि अल्सरसारखे तातडीचे कारण नसेल, तर उपचार सहसा बाळंतपणानंतरपर्यंत पुढे ढकलतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मार्शल-वॉरन यांनाही लोक हसलेच होते. पुराव्याची वाट पाहत बसलेल्या डॉक्टरांनी अल्सरच्या रुग्णांची वर्षे फुकट घालवली. मग इथे वाट पाहा म्हणणारा त्याच रांगेत बसत नाही का? आक्षेपात तथ्य आहे, पण दोन्ही प्रसंग सारखे नाहीत. अल्सरच्या रुग्णाला त्या काळी दुसरा उपाय फारसा नव्हता: जन्मभर गोळ्या किंवा शस्त्रक्रिया. गर्भारपणातल्या मधुमेहावर आजच हातात उपाय आहे, आणि त्याने कसोटी पार केलेली आहे. ऑस्ट्रेलियातच झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा एक हजार स्त्रियांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटाला आहाराचा सल्ला, साखरेची मोजणी आणि लागल्यास इन्सुलिन दिले, दुसऱ्याला नेहमीची प्रसूतिपूर्व काळजी. बाळांमधल्या गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण दुसऱ्या गटात चार टक्के होते, पहिल्यात एक टक्का. जिवाणूच्या मागे धावताना ही हातची गोष्ट सुटली, तर वाट पाहिल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा हे नुकसान मोठे असेल.

आणि ती सुटते, हेच तर दुखणे आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या प्रयत्नांतून रुजलेली आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत घेतलेली तपासणी साधी आहे. अनशापोटी यायची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे, दोन तासांनी रक्तातली साखर मोजायची. १४० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह. पहिल्याच भेटीत एकदा, आणि तेव्हा ठीक निघाली तर चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा. ते गोडमिट्ट पाणी मळमळणाऱ्या बाईच्या घशाखाली उतरवणे सोपे नसते, आणि सूचनांत त्याचाही विचार आहे: अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची, अर्ध्या तासानंतर झाली तर तपासणी तशीच पुढे चालू ठेवायची. प्रत्यक्षात काय होते? उलटी झाली म्हणून बाई घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. पहिली तपासणी चांगली आली म्हणून दुसरी राहून जाते. दोन तास बाकावर बसून राहायला घरचे सोडत नाहीत किंवा रोज बुडतो. या गळतीवर बोलण्यात मला जिवाणूच्या बातमीपेक्षा जास्त अर्थ दिसतो.

याचा अर्थ जिवाणूचा विचारच करू नये असा नाही. तो योग्य वेळी आणि योग्य कारणासाठी करावा. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, पूर्वी अल्सर झाला होता, जवळच्या नातलगाला जठराचा कर्करोग झाला होता, किंवा उलट्या इतक्या अनावर आहेत की वजन घटते आहे, अशा वेळी डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारणे रास्त आहे. गर्भवतीसाठी शौचाच्या नमुन्यातली प्रतिजन तपासणी सोयीची; श्वासाची तपासणी करायची झाल्यास किरणोत्सारी कार्बन-१४ ची टाळतात. पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर जिवाणू असूनही तो सापडत नाही, म्हणून त्या दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात, आणि हे आपल्याकडे सर्रास विसरले जाते, कारण त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या जातात. या सगळ्याला सर्वांत चांगला काळ म्हणजे दिवस जाण्याआधीचा, किंवा दोन बाळंतपणांमधला. तेव्हा औषधांची निवड मोकळी असते, उपचार संपल्यावर जिवाणू गेला की नाही हे पुन्हा तपासता येते.

जिवाणूच्या या चर्चेतून एक गोष्ट मात्र मला मनापासून पटते. साखर वाढलेल्या गर्भवतीला घरात पहिला प्रश्न येतो, ‘एवढं गोड कशाला खाल्लंस?’ डोहाळ्यांच्या कौतुकाची जागा एका दिवसात आरोपाने घेतली जाते. आंबा खाल्ला, पेढे खाल्ले, ऐकले नाही. हा आजार वारेची संप्रेरके, स्वादुपिंडाची ताकद, घराण्याची देणगी, वजन, वय, कदाचित ब-१२, कदाचित जठरातली जुनी सूज, अशा अनेक धाग्यांनी विणलेला आहे, आणि त्यांतले बहुतेक धागे बाईच्या हातात नाहीत. आहार सांभाळायचा तो उपचार म्हणून. गुन्ह्याची शिक्षा म्हणून नव्हे. जिवाणूचा संबंध उद्या खोटा ठरला तरी एवढे खरे राहील.

ज्यांना गर्भारपणात मधुमेह होता त्यांची साखर बाळंतपणानंतर बहुधा पूर्ववत होते, आणि घरचे समजतात की संपले. अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या निदान सात पट असतो. म्हणून सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते, आणि नेमकी तीच सगळ्यांत जास्त चुकते. सहाव्या आठवड्याला बाळाला लस टोचायला दवाखान्यात जायचेच असते. त्याच दिवशी आईचीही साखर तपासून घ्यावी.